शब्दस्मरणबाधा (पक्षाघातोत्तर) व तीवरील वाचोपचार

पक्षाघातानंतर वस्तूची, माणसाची किंवा क्रियेची ओळख शाबूत असते, पण तिचे नाव वेळेवर सापडत नाही. या अवस्थेला शब्दस्मरणबाधा म्हणतात. वाचाघाताच्या (मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडण्याच्या) जवळजवळ सर्व प्रकारांत हे लक्षण कमीअधिक आढळते आणि बाकीची लक्षणे ओसरल्यावरही अनेकदा हेच मागे उरते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत पक्षाघाताला ‘वारं गेलं’, ‘लकवा मारला’ असे म्हणतात. त्यानंतरच्या बोलण्याच्या सगळ्या तक्रारी ‘वाचा गेली’ या दोन शब्दांत उरकतात. उपचार करणाऱ्याला एवढ्यावर भागवता येत नाही. ओठ-जिभेचे स्नायू लुळे पडल्याने उच्चार बोबडे होणे वेगळे, ऐकलेले न उमजणे वेगळे आणि शब्द न सापडणे वेगळे. प्रस्तुत नोंद शेवटच्या तक्रारीपुरती असून उदाहरणांसाठी शहापूर तालुक्यातील डोळखांब व त्याच्या आसपासचा भाग घेतला आहे.

लक्षणे : कोयता समोर ठेवला, तर रुग्ण तो उचलतो, फांदी तोडण्याचा हावभाव करतो, धार कुठल्या बाजूला आहे हे बोटाने दाखवतो, नाव मात्र येत नाही. त्या जागी तीन-चार गोष्टी घडू शकतात. जवळचा दुसरा शब्द येतो (‘विळा’), अक्षरांची उलटापालट होते (‘कोतया’), वळसा घालून वर्णन होते (‘ते आपलं, राबाला तोडायचं’; राब म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी रचायचा पालापाचोळा), किंवा नुसतेच ‘ते हे... ते हे’ चालू राहते. कोणती चूक वारंवार होते यावर उपचाराची दिशा ठरते. ‘विळा’ म्हणणाऱ्याची अडचण अर्थाच्या पातळीवर असण्याची शक्यता अधिक, तर ‘कोतया’ म्हणणाऱ्याला शब्द सापडलेला असतो, त्याचे ध्वनी जुळत नसतात. धडधाकट मराठी माणूसही दिवसभरात ‘ते हे’ बरेचदा म्हणतो. त्यामुळे केवळ ते ऐकून निदान करू नये, त्याचे प्रमाण पाहावे. स्मृतिभ्रंशात हळूहळू वस्तूचे ज्ञानच पुसट होते. असा रुग्ण कोयत्याचे नाव विसरेल आणि पुढे कोयता कशासाठी असतो हेही विसरेल. पक्षाघातोत्तर बाधेत दुसरी गोष्ट सहसा होत नाही. घरच्यांना हा फरक सांगणे हे पहिल्या भेटीतले महत्त्वाचे काम होय, कारण ‘डोकं फिरलं’ असा समज एकदा झाला की त्या माणसाला घरातले काही विचारीनासे होतात.

कारण : बहुतेकांमध्ये भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतात. तेथे रक्त पुरवणारी मधली मस्तिष्क रोहिणी तुंबली किंवा फुटली, की उजवा हात-पाय आणि भाषा एकदमच जातात. नाव सापडण्यासाठी आधी अर्थ, मग शब्द, मग त्याचे ध्वनी अशी साखळी लागते. ती कुठेही तुटू शकते, म्हणून या बाधेचे मेंदूत एकच ठरावीक ठिकाण दाखवता येत नाही.

प्रमाण : तीव्र पक्षाघाताच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत वाचाघात आढळतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाविषयीचा भक्कम पुरावा गडचिरोलीचा आहे. ‘सर्च’ संस्थेने तेथील ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा मागोवा घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले, १४.३ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते. पक्षाघात हा शहरी, बैठ्या जीवनाचा आजार आहे हा समज त्यावरून टिकत नाही. हा अभ्यास मृत्यूंचा आहे. वाचलेल्यांपैकी कितींचे बोलणे गेले हे त्यातून कळत नाही.

इतिहास : वाचाघाताच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात पॅरिसच्या पॉल ब्रोका (१८६१) आणि कार्ल वेर्निके (१८७४) यांच्यापासून मानतात.

चाचणी आणि चित्रांचा प्रश्न : नामकथनासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘बॉस्टन नामकथन चाचणी’त ६० रेखाचित्रे आहेत. त्यांत बीव्हर हा प्राणी आहे, प्रेट्झेल हा खाऊ आहे, बर्फाचे घर आहे, शतावरीच्या कुळातली ॲस्परॅगस ही भाजी आहे. डोळखांबच्या बाजारात ज्याने जन्म काढला त्याला प्रेट्झेल सांगता आले नाही, तर त्यातून त्याच्या मेंदूविषयी काहीच कळत नाही. यावर चित्रे बदलणे हा उपाय सहज सुचतो, पण तो अर्धाच आहे. पोर्तुगालमध्ये शाळेत न गेलेल्या निरोगी प्रौढांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की प्रत्यक्ष वस्तू पाहून ते शिकलेल्यांइतकीच नावे सांगतात. त्याच वस्तूंच्या रेखाचित्रांवर मात्र मागे पडतात. रेघांचे चित्र वाचणे हेही एक शिक्षणच आहे. म्हणून या भागातील वयस्क स्त्री-पुरुषांची, त्यातही ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली पाड्यांवरील ज्येष्ठांची तपासणी कागदापेक्षा खऱ्या वस्तूंवर करावी. सूप, विळा, कळशी, इरले, पाटा-वरवंटा, माचिस, चष्मा, मोबाइल, दहा रुपयांचे नाणे एवढा सरंजाम एका पिशवीत मावतो (इरले व पाटा-वरवंटा सोडून).

दुसरा खड्डा प्रश्नांमध्येच असतो. तपासणीत अनेकदा घरच्या माणसांची नावे विचारली जातात. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. ती पदर तोंडाला लावून गप्प बसली, तर ते मौन रिवाजाचे की आजाराचे हे तपासणाऱ्याने ओळखले पाहिजे, नाहीतर गुणपत्रिकेत एक शून्य अकारण वाढते. पण याच रिवाजाची एक उपयोगी बाजूही आहे. उखाणा हे पाठ झालेले, तालातले वाक्य असते आणि त्याच्या ठरलेल्या जागी नाव येते. पहिली ओळ दुसऱ्या कुणी म्हटली, तर सरळ विचारल्यावर न निघणारे नाव त्या ओघात निघू शकते. अंक, वार, आरती, हरिपाठ यांचेही तसेच. अडलेला माणूस ही ठरलेली बोलणी अस्खलित म्हणतो हे जुने निरीक्षण आहे. स्वीडनच्या ओलोफ दालिन याने १७४५ मध्येच, बोलता न येणारा पण प्रार्थनागीते गाऊ शकणारा रुग्ण नोंदवला होता. याच निरीक्षणाच्या आधारे १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये सुरावटीची उपचारपद्धती मांडली गेली. भजनात आवाज लागला म्हणजे वाचा परत आली, असा निष्कर्ष मात्र घरच्यांनी काढू नये. ओघात आलेला शब्द हवा तेव्हा मागून मिळेलच असे नाही.

उपचारपद्धती : मुख्य रीती दोन. पहिलीत अर्थाकडून शब्दाकडे जातात. बॉयल व कोएल्यो यांनी १९९५ मध्ये वाचाघातासाठी वापरलेल्या अर्थवैशिष्ट्य-विश्लेषणात वस्तूभोवती ठरावीक प्रश्न मांडले जातात. कोयत्याबाबत : ही कसली वस्तू? हत्यार. काय करतात? फांद्या तोडतात. कशी असते? लोखंडी, पुढे वाकडी. कुठे असते? कमरेच्या आकडीत. कशाची आठवण येते? राबाची, रानाची. रुग्णाला उत्तरे येत नसतील तर उपचारक देतो. मधला शब्द आपोआप वर आला, तरी प्रश्नांचे हे जाळे पूर्ण करायचेच. दुसरी रीत ध्वनीकडून जाते. २००८ मध्ये कॅनडात मांडलेल्या तिच्या एका रूपात पहिला ध्वनी, शेवटचा ध्वनी, यमक, शब्दातील अक्षरांची संख्या यांविषयी विचारतात. मराठीत ‘को...’ असे पहिले अक्षर पुरवणे ही सर्वांत सोपी मदत. मदतीच्या पायऱ्या असतात : आधी अपुरे वाक्य (‘राबाला फांद्या तोडायला हवा...’), मग पहिले अक्षर, मग दोन अक्षरे, शेवटी पूर्ण शब्द म्हणून दाखवणे आणि त्याच्याकडून म्हणवून घेणे. ज्या पायरीवर शब्द आला तिथून पुन्हा वर चढायचे. लिहून दाखवण्याची पायरी निरक्षरांसाठी गळते.

क्रियापदे बहुधा दुर्लक्षित राहतात. या भागात ती भातशेतीतून आयती मिळतात : पेरणे, लावणे, कापणे, झोडणे, पाखडणे, कांडणे. २००९ पासून परिचित झालेल्या क्रियापद-जाल पद्धतीत एक क्रिया घेऊन ‘कोण?’ आणि ‘काय?’ याच्या जोड्या लावतात. ‘कापणे’ घेतले तर गडी भात कापतो, न्हावी केस कापतो, वायरमन लाइन कापतो. शेवटच्या उदाहरणाला हमखास हसू येते, आणि हसत असताना अडलेला माणूस मोकळा होतो असा उपचारकांचा अनुभव आहे.

लिंग हा आणखी एक धागा. नाव न सापडणाऱ्या एका इटालियन रुग्णाला त्या शब्दाचे व्याकरणिक लिंग मात्र बिनचूक सांगता येई, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत लिंगे तीन असल्याने ‘तो, ती की ते?’ हा प्रश्न इशारा म्हणून वापरून पाहण्यासारखा आहे.

परिणामकारकता : कॉक्रेन समूहाच्या २०१६ च्या आढाव्यात ५७ चाचण्या व ३,००२ रुग्ण होते. वाचोपचाराने व्यवहारातील संवाद, वाचन, लेखन व बोलणे सुधारते असा त्याचा निष्कर्ष होता. जर्मनीत १५६ रुग्णांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत, पक्षाघाताला सहा महिने उलटून गेल्यावरही आठवड्याला किमान दहा तासांचे उपचार तीन आठवडे दिले असता बोलण्यात फरक पडला. ‘सहा महिन्यांत जे आलं ते आलं’ हे वाक्य अजूनही ऐकू येते, ते या पुराव्याशी जुळत नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, एवढे खरे. अगदी पहिल्या दिवसांपासून भरगच्च उपचार केल्याने अधिक लाभ होतो काय, याबद्दल एकमत नाही.

शब्दस्मरणापुरती सर्वांत बोधक चाचणी ब्रिटनमधील ‘बिग कॅक्टस’ (२०१९) ही होय. तीत २७८ रुग्ण होते. त्यांतील एका गटाने स्वतःसाठी महत्त्वाचे १०० शब्द निवडले आणि संगणकावर घरीच, सहा महिन्यांत सरासरी २८ तास, त्यांचा सराव केला. सरावातले शब्द सापडण्यात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत १६.२ टक्के गुणांची वाढ झाली. पण गप्पांतील बोलणे सुधारले नाही. पहिला निकाल नेहमी पुढे केला जातो, दुसरा तितका सांगितला जात नाही. दोन्ही एकत्र वाचले तर दिसते, की जे शब्द घोटले तेच परत आले. शेजारचे शब्द फुकट मिळाले नाहीत. तेव्हा कोणते शंभर शब्द घ्यायचे हा निर्णय उपचाराचा गाभा ठरतो. तयार कार्डसंचातील ‘सफरचंद, विमान, छत्री’ घोटून आसनगावच्या एसटीची विचारणा करता येणार नाही. डोळखांबच्या रुग्णाच्या यादीत घरच्यांची आणि बैलांची नावे, आवणी, नाचणी, वरई, रेशन, आधार, बीपीची गोळी, शहापूर, किन्हवली, टोकावडे, म्हशाची जत्रा असे शब्द हवेत. यादी करताना रुग्णासमोर बसून, त्याच्या मानेच्या होकार-नकारावरच ती करावी. मुलगा-सून परस्पर ठरवतात तेव्हा यादीत औषधे फार आणि बैल कमी असतात.

घरी सराव : दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे, टीव्ही बंद ठेवून. शब्द सुचण्यासाठी मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे, मग पायरी द्यावी. नातवंडे हा सराव मोठ्यांपेक्षा चांगला घेतात, मात्र त्यांना हसू नका एवढे सांगावे लागते. घरच्यांवर सगळे सोपवून भागेल काय? ‘अटेंड’ या भारतीय चाचणीत (२०१७) १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले गेले. मृत्यू व परावलंबनात फरक पडला नाही. ती चाचणी भाषेपुरती नव्हती, तरीही ‘घरीच करून घ्या’ असे सांगून रुग्णाला वाटेला लावणाऱ्यांनी ती वाचावी. जीभ मोकळी व्हावी म्हणून वेखंड उगाळून लावणे हा मुळात लहान मुलांसाठीचा घरगुती उपाय आहे; या बाधेत दोष जिभेत नसतो.

औषधे : शब्दस्मरणासाठी सर्वमान्य औषध नाही.

बहुभाषिक रुग्ण : घरी कातकरी किंवा ठाकरी बोली, बाजारात मराठी, कल्याणच्या कामावर हिंदी अशी स्थिती येथे असते. आधी शिकलेली भाषा प्रथम परतते असे रिबो याने, तर सर्वाधिक वापरातली परतते असे पित्र याने (१८९५) म्हटले. दोन्ही नियमांना अपवाद पुष्कळ आहेत.

सोयी : डोळखांबला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ठरावीक पदांत वाचोपचारतज्ज्ञ येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत हे पद धरलेले आहे, पण ते केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे तोतरे बोलणाऱ्या नातवासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वाट आहे, आजोबांसाठी ती पुढे मुंबईला जाते. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न वाचा-श्रवण विद्यालय आणि वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) येथे प्रशिक्षण व उपचार दोन्ही चालतात. डोळखांबहून आसनगावपर्यंत एसटी किंवा जीप, तेथून लोकलने दादर, मग पश्चिम रेल्वेने वांद्रे. उजवी बाजू लुळी असलेला रुग्ण, सोबतचा एक माणूस आणि त्या माणसाची बुडालेली मजुरी असा हा प्रवास आठवड्यातून दोनदा करणे बहुतेकांना झेपत नाही. मोबाइलवरील व्हिडिओ भेटी हा त्यावरचा पर्याय. त्यात वस्तू रुग्णाच्या घरच्याच वापरता येतात ही जमेची बाजू, आणि डोंगराच्या कडेच्या गावांत रेंज न मिळणे ही खर्चाची बाजू.

प्रमाणपत्र : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ येते आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा नावाने उल्लेख आहे. व्याख्येत ‘कायमस्वरूपी’ हा शब्द असल्याने पक्षाघातानंतर लगेच प्रमाणपत्र मिळत नाही. सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. अर्ज ऑनलाइन करून तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. तिथे नाव, गाव आणि वय तोंडी विचारतात, म्हणून सोबत बोलणारा माणूस न्यावा.