‘बॅड’ म्हणजे आपण

आमच्या टीव्ही गेममध्ये शिकण्यासारखं काही नव्हतं. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. दोन रिमोट: एक माझा, एक दादाचा. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो न्यू जर्सीला गेला आणि २००४ साली त्याची मेल आली: ‘कैलेरा उतरवून घे, आपला टीव्ही गेमवरचा काँट्रा खेळू.’

कैलेरा ही क्रिस्तोफ तिबो या फ्रेंच प्रोग्रामरची २००१च्या सुमाराची करामत. जुन्या कन्सोलचं सोंग घेणाऱ्या एम्युलेटरला ती जोडली, की एका टीव्हीसमोरचे दोघं दोन देशांत बसून खेळू शकत. (गेमच्या फाइली, म्हणजे रॉम, कुठून आल्या, हे कृपया विचारू नका.)

नाशिकच्या एका सायबर कॅफेत, पंख्याखालच्या केबिनमध्ये, मी कैलेराची खिडकी पहिल्यांदा उघडली. करड्या रंगाची, चित्र म्हणून नाही. वर नावाचा चौकोन, खाली सर्व्हरांची यादी आणि प्रत्येकासमोर पिंगचा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा. मधे एक उघडमीट यादी होती: लॅन, एक्सलंट, गुड, अ‍ॅव्हरेज, लो, बॅड. कंसात सेकंदाला माहितीची किती पॅकेट जाणार ते: ६०, ३०, २०, १५, १२, १०.

मी ऐटीत ‘गुड’ निवडलं. खेळ दर दोन पावलांना थिजायचा. दादा चॅटमध्ये ओरडला, ‘खोटं कशाला बोलतोस? बॅड टाक!’

तेव्हा ती यादी समजली. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो आणि दोघांची बटणं हातात आल्याशिवाय कैलेरा पुढची फ्रेम सोडत नाही. सेकंदाला दहाच पॅकेट जाणार असतील, तर एकेका गठ्ठ्यात सहा-सहा फ्रेमांची बटणं बांधायची. म्हणजे ‘बॅड’ हा शेरा नव्हता, करार होता: बटण उशिरा लागेल, पण खेळ अडखळणार नाही. सर्व्हरही मग दोघांच्या मधला शोधायचा. आम्ही युरोपातला धरायचो. मला युरोप जवळ वाटायला लागला होता!

दूर बसून एकत्र खेळायची ही उठाठेव कैलेरापासूनची नव्हे. १९९४ साली अमेरिकेत कॅटापल्ट कंपनीने एक्सबँड नावाचा मोडेम काढला. तो सेगाच्या कन्सोलमध्ये खोचायचा आणि त्याच्या डोक्यावर गेमची कॅसेट. कंपनीचा सर्व्हर जोडी लावून द्यायचा, मग एक कन्सोल दुसऱ्याच्या घरी थेट फोन लावायचा. टोपणनाव, टोमणा, पत्र, सगळं रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर वेचून लिहायचं. मधेच दुसरा फोन आला की सामना तुटू शकायचा, म्हणून कॉल वेटिंग बंद करणं हाही शिकण्याचा भाग. १९९७ मध्ये ती सेवा बंद पडली.

आम्ही मात्र काँट्राच्या तिसऱ्या टप्प्यात, धबधब्यावर, महिनाभर अडकलो. तिथे एकजण वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. शेजारी बसलो असतो तर कोपर मारून थांबवलं असतं. इथे ‘थांब’ टाइप करेपर्यंत माझे तीनही जीव गेलेले असत. मग ठरलं: दोघांनी मनात एकसाथ ‘एक’ म्हणायचं आणि उडी मारायची. बटण कडेच्या बरंच आधी दाबायचं, पाय कडेवर पोचेपर्यंत उडी येते.

२००६ साली टोनी कॅनन या प्रोग्रामरने जीजीपीओ नावाचं सॉफ्टवेअर आणलं. ते वाटच पाहत नाही. समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे नेतं. अंदाज चुकला तर मागे जाऊन त्या फ्रेमा नव्याने खेळवून घेतं. याला रोलबॅक म्हणतात. ‘लॅन’पासून ‘बॅड’पर्यंतची ती यादी तिथे लागत नाही.

गेल्या दिवाळीत दादाने तसल्याच एका नव्या प्रोग्रामवर पुन्हा काँट्रा लावला. मी नाशिकलाच, तो तिकडेच. धबधब्यावर मी सवयीने ‘एक’ म्हटलं, बटण दाबलं. बटण लगेच लागलं आणि मी कडेच्या अलीकडेच उडून सरळ खाली. चॅटमध्ये दादाचं आलं, ‘अजून बॅडच?’