नागपूरच्या वकिलाने मोडलेली वाटणी

रणजी करंडकासाठी आम्हा विदर्भवाल्यांना २०१८ उजाडावं लागलं, म्हणून लहान संघांची बाजू मला जवळची वाटते. २०१४ मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाने आयसीसीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्वतःकडे वळवला. आमच्या नागपूरचे वकील शशांक मनोहर २०१६ मध्ये आयसीसीचे स्वतंत्र अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही वाटणी मोडायला घेतली. २०१७ च्या मतदानात बीसीसीआय १३-१ असं एकटं पडलं. शेवटी आठ वर्षांसाठी भारताला ४०.५ कोटी डॉलर, इंग्लंडला १३.९ कोटी, वेस्ट इंडीज-श्रीलंकेसह सात मंडळांना प्रत्येकी १२.८ कोटी ठरले. मनोहरांचं बरोबरच होतं. समोरचे संघ कंगाल झाले, तर भारत खेळणार कोणाशी? २०२३ मध्ये मात्र भारताचा वाटा पुन्हा सुमारे ३८.५ टक्क्यांवर गेला.