पूर्वजांचे स्थलांतर आणि आपले मूळ घर

आपल्या सारस्वत ज्ञातीत सोयरिकीची बोलणी निघाली की कुलदेवता कोणती व मूळ गाव कोणते, हे दोन प्रश्न प्रथम विचारले जातात. पहिल्याचे उत्तर लहान मुलेही देतात. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो. कारण आपली घरे एकदा नव्हे, दोनदा सुटली आहेत.

साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे कायमचा गेला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. याच काळात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास नेण्यात आला. जुवारीपलीकडचा हा अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. आपल्या पूर्वजांनी देव नेले. शेते, घरे आणि गावकरीतील पिढीजात हक्क मात्र मागे ठेवले. ज्यांनी लोटली, वेर्णे सोडले त्यांच्या वंशात लोटलीकर, वेर्णेकर ही आडनावे उरली. वाडा गेला तरी गावाचे नाव आपण आजही रोज उच्चारीत असतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सगळेच भाऊबंद नदी ओलांडून गेले नाहीत. काहींनी धर्मांतर करून गाव, जमीन आणि गावकरी राखली. जाणाऱ्यांच्या निष्ठेचा आम्हांस अभिमान आहे. पण राहणाऱ्यांवर कोणता प्रसंग गुदरला असेल, हे चार शतकांनंतर घरी सुखाने बसून ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांचे वंशज त्याच मूळ घराची लेकरे होत.

अंत्रुजात आपल्या लोकांनी पुन्हा जम बसविला. शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या साहाय्याने कवळ्याचे सध्याचे देवालय १७३८ मध्ये उभे राहिले. पुढे हा महाल 'नव्या काबिजादी'त मोडला, तरी तेथील देवळे टिकली. जांभ्या दगडाच्या भिंती, मध्ये राजांगण व त्यात तुळशीवृंदावन, अशी जी घरे आपले वडीलधारे आठवतात, ती बहुधा या दुसऱ्या वसतीतील होत.

तीही आपण सोडली. शिक्षण व नोकरी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या मंडळी मुंबईस आली. या वेळी कोणी हाकलले नव्हते. पहिल्या प्रसंगी घर टाकून देव नेला. दुसऱ्या प्रसंगी देव तेथेच राहिला आणि आपण निघालो. आता जत्रेपुरते कुलूप निघते. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेने गोव्यात मुलामुलींना सारखाच वारसा मिळतो. हे न्याय्यच आहे. पण वारसदार गावोगावी पांगल्यामुळे कौले बदलण्यासही सर्वांची संमती जुळत नाही, आणि छप्पर बसल्यावरच पत्रव्यवहार सुरू होतो.

प्रत्येक घर वाचविणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. तथापि घर विकण्यापूर्वी किंवा पडण्यापूर्वी त्याचा आराखडा, देवघरातील मूर्तींची यादी, जुने कागद आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडून ऐकलेली हकीकत लिहून ठेवता येईल. विशेषतः माहेरचे घर आठवणाऱ्या आत्या व आजी यांस आजवर कोणी फारसे विचारलेले नाही. येत्या जत्रेस जाताना सभासद कुटुंबांनी एक वही सोबत न्यावी, एवढीच विनंती.