मॉस्किटो : सांध्यांवर उडालेलं विमान

मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. ओतकामात लाकडाला कायम दुय्यम मान मिळतो. पॅटर्नवरून वाळूत साचा उठतो, त्यात लोखंड ओततात, मग पॅटर्न माळ्यावर जातो. लाकूड म्हणजे धातूच्या आधीची तात्पुरती सोय, असंच सगळे धरून चालतात. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाबद्दल मला लिहायचं आहे. त्या युद्धातल्या सर्वांत वेगवान विमानांत त्याची गणना होत होती आणि त्याचा सांगाडा लाकडाचा होता. त्याची खरी परीक्षा भारतात झाली. त्या परीक्षेचा निकाल लाकडाच्या कारागिरांनी तरी नीट वाचायला हवा.

१९३० नंतर जगभरचे विमान कारखाने ॲल्युमिनियमकडे वळले होते. इंग्लंडमध्ये हॅटफील्ड इथल्या द हॅव्हिलंड कंपनीने मात्र लाकडाचा हात सोडला नव्हता. १९३४ साली इंग्लंडहून मेलबर्नपर्यंत विमानांची शर्यत झाली, ती याच कंपनीच्या ‘कॉमेट’ विमानाने ७१ तासांच्या आत जिंकली. कॉमेट लाकडी होतं. १९३७ साली उडालेल्या ‘अल्बाट्रॉस’ या प्रवासी विमानात कंपनीने आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या धडाची भिंत तीन थरांची होती : आतबाहेर पातळ प्लायवुड आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड. मॉस्किटोची बीजं या दोन विमानांत आहेत.

कंपनीचे संस्थापक जेफ्री द हॅव्हिलंड यांचा विचार सरळ होता. बाँबफेकी विमानावर तोफांचे मनोरे बसवले की तोफा, गोळ्या आणि त्या चालवणारी माणसं यांचं वजन वाढतं. वजन वाढलं की वेग कमी होतो. वेग कमी झाला की शत्रूची विमानं गाठतात, म्हणून पुन्हा तोफा हव्यात. त्यांनी हा फेरा मुळातच तोडायचा ठरवला. दोन माणसं, रोल्स-रॉइसची दोन मर्लिन इंजिनं आणि संरक्षणासाठी एकही तोफ नाही. वेग हेच संरक्षण. लाकूड घेण्यामागेही पक्की कारणं होती. युद्धात ॲल्युमिनियम आणि धातूकाम करणारे कारागीर या दोन्हींची टंचाई पडणार, हे दिसत होतं. फर्निचरचे कारखाने आणि त्यांतले सुतार मात्र मोकळे होणार होते. नमुन्याचं विमान लाकडात लवकर उभं राहतं. शिवाय लाकडी अंगावर रिव्हेटची डोकी नसतात, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहून हवेचा अडथळा कमी होतो.

हवाई मंत्रालयातल्या बहुतेकांना हे पटलं नाही. एअर मार्शल सर विल्फ्रिड फ्रीमन मात्र या कल्पनेच्या पाठीशी ठाम उभे राहिले, इतके की विरोधक या विमानाला ‘फ्रीमनचा वेडेपणा’ म्हणू लागले. अखेर १ मार्च १९४० रोजी ५० विमानांची मागणी नोंदवली गेली. डंकर्कहून ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या माघारीच्या सुमारास सरकारने सगळा जोर मोजक्याच विमानांवर लावला, तेव्हा मॉस्किटो यादीतून गळलं आणि जुलैमध्ये परत यादीत आलं. ३ ऑक्टोबरला जर्मन विमानाने हॅटफील्डच्या कारखान्यावर बाँब टाकले. २१ माणसं मेली आणि मॉस्किटोसाठी जमवलेल्या सामानाचा मोठा भाग जळाला.

रेखाटनाचं काम हॅटफील्डपासून काही मैलांवरच्या सॉल्सबरी हॉल या जुन्या वाड्यात चालू होतं. मुख्य रचनाकार होते आर. ई. बिशप. वाड्याशेजारी धान्याच्या कोठारासारखं दिसेल असं शेड उभारून त्यात पहिलं विमान बांधलं. २५ नोव्हेंबर १९४० रोजी, म्हणजे मागणी नोंदवल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, पिवळ्या रंगाचं ते विमान हॅटफील्डहून उडालं. चालवत होते जेफ्री यांचे थोरले चिरंजीव, धाकटे जेफ्री. पुढच्या फेब्रुवारीत बॉसकोंब डाउन या तळावरच्या चाचण्यांत खडबडीत जमिनीवर शेपटीचं चाक अडकलं आणि धडाला मागे तडा गेला. दुसऱ्या नमुन्यासाठी केलेलं धड आणून बसवलं आणि चाचण्या पुढे चालू राहिल्या. त्यांत ताशी सुमारे ६२५ किलोमीटर वेग नोंदवला गेला. त्या वेळचं स्पिटफायर हे लढाऊ विमान त्याच्या मागे पडत होतं.

आता बांधणीकडे येतो, कारण या विमानाचा खरा मोठेपणा तिथे आहे.

मोठ्या पोकळ वस्तूचा पॅटर्न आम्ही उभा चिरून दोन अर्ध्या भागांत करतो. मॉस्किटोचं धड नेमकं तसंच, डावं आणि उजवं असं दोन अर्ध्यांत व्हायचं. महोगनीचे किंवा काँक्रीटचे पूर्णाकृती साचे असत. आडव्या पडद्या आणि जोडपट्ट्या बसण्यासाठी साच्यात खाचा ठेवलेल्या असत. त्या जागच्या जागी बसवून वर बर्चच्या प्लायवुडचा आतला थर गोंदाने चिकटवायचा, त्यावर बाल्साच्या पट्ट्या, त्यावर प्लायवुडचा बाहेरचा थर. मग सगळ्यावरून पोलादी पट्टे ताणून आवळायचे आणि गोंद धरेपर्यंत हलवायचं नाही. भिंतीची एकूण जाडी अर्ध्या इंचाच्या आसपास भरे. बाल्सा इक्वेडोरमधून यायचं. ते इतकं हलकं असतं की पाहणाऱ्याला त्यात बळ दिसत नाही. पण भार पेलायचा असतो दोन बाजूंच्या प्लायवुडने. मधल्या बाल्साचं काम त्या दोन पातळ कातड्यांमधलं अंतर राखायचं आणि त्यांना दुमडू न देण्याचं. अशी भिंत स्वतःच ताठ उभी राहते, म्हणून आत दाट सांगाडा लागत नाही.

दोन अर्धे उघडे असतानाच आतल्या तारा, नळ्या आणि बरीचशी यंत्रं बसवून घेत. बंद धडात वाकून काम करण्याचा त्रास त्यामुळे वाचला आणि एका वेळी अनेक हात चालू लागले. मग दोन्ही अर्धे कडेकडेने जोडले जात. पंख टोकापासून टोकापर्यंत अखंड, सुमारे ५४ फूट लांब. आत स्प्रूसच्या थरांचे दोन मुख्य वासे, वरच्या बाजूला प्लायवुडची दुहेरी कातडी. धडाच्या तळाला खाच ठेवून ते या पंखावर चढवत आणि चार ठिकाणी बांधत. इंजिनांचे रेडिएटर बाहेर लोंबकळत ठेवण्याऐवजी पंखाच्या पुढच्या कडेत बसवले. चाकांच्या पायांत तेलाच्या दट्ट्यांऐवजी रबरी ठोकळे घातले, म्हणजे बारीक यंत्रकामाची गरज उरली नाही. सर्वांत शेवटी लाकडावर मादापोलम हे सुती कापड चढवून त्यावर डोप या रोगणाचे हात देत. आंध्रातल्या नरसापूरजवळच्या ज्या गावावरून या कापडाला नाव मिळालं, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती.

हे काम केलं कोणी? हाय विकमच्या खुर्च्या-टेबलं करणाऱ्या गोम आणि डान्सर अँड हर्न यांसारख्या कारखान्यांनी, लंडनजवळच्या फर्निचरवाल्यांनी, मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्यांनी, आणि युद्धामुळे पहिल्यांदाच रंध्याला हात लावलेल्या हजारो स्त्रियांनी. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही मॉस्किटो बांधली गेली. एकूण ७,७८१ विमानं झाली. लाकूडकामाला इतक्या अचूक मापात आणि इतक्या मोठ्या संख्येने उतरवण्याचं हे काम मी माझ्या धंद्याच्या इतिहासातलं एक शिखर मानतो.

बिनतोफेच्या मूळ कल्पनेतून पुढे अनेक प्रकार निघाले : टेहळणीचं, बाँबफेकी, रात्रीचं लढाऊ. सर्वांत जास्त, सुमारे २,३०० बांधली गेली ती ‘एफबी सहा’ या लढाऊ-बाँबफेकी प्रकाराची. त्याच्या पोटाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, नाकात चार मशीनगन, आणि पोटात व पंखांखाली मिळून चार बाँब. किनारी दलाने पंखांखाली रॉकेटं लावून जहाजं बुडवली. ३० जानेवारी १९४३ रोजी मॉस्किटोंनी भर दिवसा बर्लिनवर हल्ला करून जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याच्या रेडिओवरच्या भाषणात व्यत्यय आणला. तटस्थ स्वीडनमधून बॉल-बेअरिंग आणण्यासाठी नागरी कंपनीची मॉस्किटो उडत. ऑक्टोबर १९४३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना अशाच एका विमानाच्या बाँबच्या कप्प्यात बसवून ब्रिटनला आणलं.

या विमानाची स्तुती लिहिताना एक दिवस वगळता येत नाही. २१ मार्च १९४५ रोजी कोपनहेगनमधल्या गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयावर मॉस्किटोंनी अगदी खालून उडत हल्ला केला. मुख्यालय पडलं, कैदेतले अनेक डॅनिश क्रांतिकारक सुटले. पण एक विमान वाटेत खांबाला धडकून एका शाळेजवळ कोसळलं. मागून आलेल्या काही वैमानिकांनी तिथला धूर हेच लक्ष्य समजून शाळेवर बाँब टाकले. ८६ मुलं मेली. अचूकतेसाठी नावाजलेल्या विमानाच्या हिशेबात हा आकडाही लिहिलाच पाहिजे.

आता भारत. १९४३ पासून मॉस्किटो पूर्वेच्या आघाडीवर आली. कलकत्त्याच्या डमडम तळावरून ६८४ क्रमांकाची तुकडी ब्रह्मदेशावरून छायाचित्रं काढत होती. १९४४ मध्ये बाँबफेकी तुकड्याही मॉस्किटोवर येऊ लागल्या. प्रश्न गोंदाचा होता. सुरुवातीच्या विमानांत दुधातल्या केसीनचा गोंद होता. ओल्या उष्ण हवेत त्याला बुरशी खाते. म्हणून युरिया-फॉर्माल्डिहाइड जातीचा कृत्रिम गोंद वापरात आला आणि आता पावसाळ्याची भीती नाही, असं मानलं गेलं. तरीही १९४४ च्या पावसाळ्यानंतर इथे काही मॉस्किटो हवेतच मोडून पडली. पंखाची वरची कातडी मुख्य वाशापासून सुटत असल्याचं दिसलं. विमानं जमिनीवर थांबवून तपासणी सुरू झाली.

कंपनीचे मेजर हेरेवर्ड द हॅव्हिलंड तपासणीसाठी भारतात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला : गोंद खराब झालेला नाही, ओल्या हवामानात लाकूड आक्रसून-फुगून हे झालं. पुढे झालेल्या चौकशीने वेगळंच सांगितलं. दोष बांधणीचा होता. सरकारी तपासणी पथकाने इंग्लंडमधल्याच विमानांचे पंख उघडून पाहिले. हॅटफील्ड आणि लीव्ह्सडनच्या कारखान्यांत झालेल्या सहा वेगवेगळ्या प्रकारांत त्यांना तसेच दोष सापडले. त्या विमानांनी मान्सून पाहिलेलाच नव्हता. गोंदकामच पुरेसं चांगलं नव्हतं. उपाय म्हणून पंखाच्या कातडीच्या जोडावर टोकापासून टोकापर्यंत प्लायवुडची पट्टी बसवून ओल आत शिरण्याची वाट बंद केली. हवाई मंत्रालयाने मात्र विमानावरचा विश्वास ढळू नये म्हणून बाहेर सांगताना ‘मुख्यतः हवामान’ हेच कारण कायम ठेवलं.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. लाकूड आडव्या रेषेत ओल पिऊन फुगतं, उभ्या रेषेत जवळजवळ हलत नाही. हे नवशिक्यालाही पहिल्या महिन्यात कळतं. लाकडाचा हा स्वभाव गृहीत धरून सांधा करणं हीच तर सुताराची विद्या. दोन पृष्ठभाग नीट भिडले नाहीत, गोंदाचा हात कुठे जाड, कुठे पातळ बसला, दाब वेळेआधी सोडला, तर सांधा वरून सुंदर दिसतो आणि आतून पोकळ राहतो. रंग आणि कापड चढल्यावर तो कोणालाच दिसत नाही. कारखान्यावर युद्धाची घाई होती, नवखे हात होते, रोजच्या रोज विमानं बाहेर काढायची होती, हे मी समजू शकतो. त्या कामगारांना मी दोष देत नाही. मी दोष देतो तो कारण कळल्यावरही पावसावर बोट ठेवणाऱ्यांना. भारतातल्या तळांवरून रोज त्या पंखांवर विसंबून उडणाऱ्या वैमानिकांना खरं कारण कळण्याचा हक्क होता.

या प्रकरणाने लाकूड हरलं, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तसं दिसत नाही. नीट बांधलेली मॉस्किटो युरोपच्या बर्फात आणि ब्रह्मदेशाच्या पावसात युद्ध संपेपर्यंत उडाली. पहिलं पिवळं विमान आजही सॉल्सबरी हॉलच्या आवारातल्या संग्रहालयात आहे. न्यूझीलंडमध्ये धडाचे साचे नव्याने करून बांधलेलं एक विमान सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा आकाशात गेलं. चांगल्या लाकडाला आणि प्रामाणिक सांध्याला वयाची अडचण येत नाही.

आमच्या धंद्यात आता संगणकावर चालणारी यंत्रं पॅटर्न कोरतात, आणि ते चांगलंच आहे. पण या कामात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी मॉस्किटोची ही हकीकत सांगतो आणि एकच मागणं मागतो : काम मोडलं तर हवेला, लाकडाला किंवा नशिबाला बोल लावण्याआधी सांधा उघडून पाहा, आणि आत जे दिसेल ते सगळ्यांना खरं सांगा.