चुलीतून घडलेली काळी जमीन

जमीन निसर्गाने दिली आणि माणसाने ती फक्त नांगरली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. किल्ले, देवळे, ताम्रपट यांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो. पण पायाखालच्या मातीलाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो ज्यांचे नावही मागे उरले नाही अशा माणसांचा असतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात अशी एक माती आहे. ब्राझीलचे लोक तिला ‘तेर्रा प्रेता’, म्हणजे काळी जमीन, असे म्हणतात. आपल्या देशावरची काळी जमीन काळ्या खडकापासून झाली. ही मात्र माणसाच्या चुलीतून आणि उकिरड्यातून झाली. तिची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कारण तिच्यातला धडा आमच्या कोकणच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

१५४१ च्या डिसेंबरात फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार अन्नाच्या शोधार्थ आपल्या मुख्य तुकडीपासून वेगळा झाला आणि नदीच्या ओघाबरोबर जात जात १५४२ च्या ऑगस्टात अटलांटिक महासागराला मिळाला. बरोबर गास्पार दे कार्वाहाल नावाचा एक ख्रिस्ती साधू होता. नदीकाठी कोसच्या कोस पसरलेली गावे आणि दाट वस्ती आपण पाहिली, असे त्याने लिहून ठेवले. पुढच्या शतकांतील प्रवाशांना तेथे घनदाट रान आणि तुरळक झोपड्या दिसल्या, आणि कार्वाहाल थापाड्या ठरला. युरोपातून आलेल्या देवी-गोवराच्या साथींनी मधल्या काळात गावेच्या गावे ओस पाडली होती, हा विचार फार उशिरा सुचला.

त्याला खोटे ठरविणाऱ्यांपाशी एक सबळ पुरावाही होता, तो म्हणजे तेथली माती. वर्षानुवर्षांच्या मुसळधार पावसाने ही तांबडी-पिवळी माती पार धुऊन काढली आहे. चुना, पालाश वाहून गेले. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची भस्मे तेवढी उरली. माती आम्ल झाली की हेच अ‍ॅल्युमिनियम विरघळून पिकाच्या मुळांना जाचू लागते. अशा जमिनीत खत घालावे तर तेही पुढच्या पावसात पाझरून जाते. फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखाच तो प्रकार. १९७१ साली बेटी मेगर्स या अमेरिकन विदुषींनी असे प्रतिपादन केले की, या मातीवर मोठी संस्कृती उभी राहणेच शक्य नव्हते. जमीन दरिद्री, म्हणून माणूसही दरिद्री, असा हा हिशेब होता.

परंतु या हिशेबात न बसणारे काळे तुकडे रानात जागोजाग पडले होते. अमेरिकेतील यादवी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील काही कुटुंबांनी १८६७ च्या सुमारास सांतारेंजवळ येऊन वसाहत केली. त्यांनी ऊस-तंबाखूसाठी नेमकी हीच काळी जमीन हेरली. हर्बर्ट स्मिथ या प्रवाशाने १८७९ च्या आपल्या ग्रंथात या जमिनीची वाखाणणी केली. तीत सर्वत्र खापऱ्या सापडतात, तेव्हा ही जुन्या गावठाणांची जागा असली पाहिजे, हेही त्याने ओळखले होते. तथापि त्याचे म्हणणे पुष्कळ काळ ग्रंथातच राहिले.

त्याला पुन्हा उजाळा देणारे विम सोंब्रुक हे डच मृत्तिकाशास्त्रज्ञ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सोंब्रुक लहान होते. घरच्या एका लहानशा तुकड्याने त्या कुटुंबाला जगविले. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख व कोळशाचा चुरा घालून ती जमीन कसदार केलेली होती. उपाशी मुलाने पाहिलेली माती विसरली जात नाही. अ‍ॅमेझॉनची काळी जमीन पाहताच त्यांना तिची जात ओळखू आली, आणि १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तिचा साक्षेपाने परामर्श घेतला.

आता या काळेपणाचे रहस्य पाहू. १८५० साली इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या दोघांनी दाखविले की, खताचे पाणी मातीतून गाळले असता अमोनिया मातीत राहतो आणि त्याच्या बदल्यात चुना बाहेर पडतो. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला ही द्रव्ये चिकटून राहतात, हे त्याचे कारण पुढे उमगले. धुपून आम्ल झालेल्या तांबड्या मातीत ही धरून ठेवण्याची शक्ती फार थोडी. २००१ साली ब्रुनो ग्लाझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, काळ्या जमिनीत शेजारच्या मातीच्या सत्तरपटीपर्यंत कोळशाचा अंश आहे. २००६ साली योहानेस लेमान प्रभृतींनी पुढचा दुवा जोडला. मातीत पडलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर कालांतराने हवेची क्रिया होते, तेथे ऋणभार निर्माण होतो, आणि चुना, पालाश, अमोनिया त्याला धरून राहतात. माशांचे काटे, हाडे, शेणमुताची घाण, चुलीची राख यांनी अन्न पुरविले. कोळशाने ते राखले. ‘उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात’ अशी आपली म्हण आहे. या उकिरड्याचे पांग फिटले, आणि जमिनीचेही. हे सर्व जाणूनबुजून केले की ओघाने घडले, याविषयी मतभेद आहेत. मात्र वरच्या शिंगू नदीकाठचे कुइकुरो लोक आजही राख, कोळसा आणि कसाव्याच्या साली पसरून हेतुपुरस्सर काळी जमीन तयार करतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

आता कोकणाकडे वळू. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ साली मलबारातील अंगाडिपुरम येथील दगडावरून दिले. कोकणचा जांभा त्याच जातीचा. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माती आम्ल. आमचा शेतकरी कवळ, पातेरा, शेण पसरून राब भाजतो. यात शहाणपण आहे: तणाचे बी जळते, राखेने आम्लता उतरते आणि भाताचा तरवा जोमाने वर येतो. पण राखेचा गुण पावसाबरोबर ओसरतो. उघड्यावर जाळले तर बहुतेक भाग धूर होऊन जातो. तोच पालापाचोळा कमी हवेत, लोणारी कोळसा पाडतात त्या रीतीने, भाजला तर त्यातील जवळजवळ निम्मा कार्बन उरतो आणि तो शतकानुशतके मातीत टिकतो. शेतीसाठी केलेल्या अशा कोळशालाच आज ‘बायोचार’ म्हणतात.

मात्र कोणी याला परीस समजू नये. नुसता कोळसा हे खत नव्हे. शेणखताबरोबर मुरवावा तेव्हा तो कामी येतो, आणि त्याची धारणशक्ती वर्षांगणिक वाढते. २०१७ साली अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्यात उष्ण कटिबंधात पिकांचे उत्पन्न सरासरीने शेकडा २५ वाढल्याचे आढळले. समशीतोष्ण प्रदेशात मुळीच वाढले नाही. मुळातच आम्लविरहित आणि धारणशक्तीने संपन्न असलेल्या देशावरच्या काळ्या जमिनीत त्यापासून तितक्या लाभाची आशा धरू नये. आणि कोळशासाठी उभे झाड तोडणे म्हणजे घराचे वासे काढून चूल पेटविणे होय. भाताचे तूस, काजूची टरफले, वाया जाणारा पाचोळा यांचाच तो व्हावा.

अ‍ॅमेझॉनकाठच्या त्या लोकांनी शिलालेख कोरले नाहीत. त्यांची साक्ष देणारा कार्वाहालही अप्रमाण ठरला. अखेर मातीनेच त्यांच्या वतीने साक्ष दिली. माणूस जेथे राहतो तेथली जमीन नासतेच, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते आपल्याला निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. तो नियम नव्हे. निकृष्टातल्या निकृष्ट जमिनीवर वस्ती करून ती मिळाली होती त्याहून कसदार मागे ठेवणारे लोक होऊन गेले आहेत, आणि तीवर आजही पीक निघते.