उदासीवर आंबट दूध: एका उपचाराची कुळकथा

ऊर्जानगर ही वीज केंद्राची वसाहत. २९२० मेगावॉटचं चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र रात्रंदिवस चालतं, म्हणून इथली माणसंही पाळ्यांमध्ये जगतात. रात्रपाळीत झोप आणि पोट एकदमच बिघडतं, हे इथं कुठल्याही घरात सांगतील. पोट बिघडलं की डॉक्टर औषधासोबत जंतूंची कुपी किंवा पुडी लिहून देतात. अलीकडे याच जंतूंबद्दल आणखी एक दावा कानावर येतो: ते मनावरचं मळभही दूर करतात. दावा नवा वाटतो, पण त्याचं मूळ शोधायला सव्वाशे वर्षं मागे, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटपर्यंत जावं लागतं.

तिथं इल्या मेच्निकॉफ काम करत होता. जन्म १८४५चा, आजच्या युक्रेनमधला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून टाकतात हे त्यानं दाखवलं आणि १९०८चं नोबेल पारितोषिक पॉल एर्लिखसोबत त्याला मिळालं. त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध मात्र काळवंडलेला होता. पहिली बायको क्षयानं गेली. निराशेच्या भरात त्यानं पुढे दोनदा जीव देण्याचा प्रयत्न केला. हाच माणूस उतारवयात कट्टर आशावादी झाला. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू विष तयार करतात आणि त्या विषानं माणूस अकाली म्हातारा होतो, असा सिद्धांत त्यानं मांडला. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरॉफ या बल्गेरियन डॉक्टरनं जिनिव्हात बल्गेरियन दह्यातला जंतू ओळखला होता. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात अशी ख्याती होतीच. मेच्निकॉफनं दोन्ही गोष्टी जोडल्या आणि स्वतः रोज आंबट दूध प्यायला लागला. १९०७ साली त्याचं पुस्तक आलं आणि युरोपभर आंबट दुधाची लाट उसळली. तो स्वतः एकाहत्तराव्या वर्षी गेला.

मेच्निकॉफचा रोख म्हातारपणावर होता. तिथून हा विचार मनाच्या आजारापर्यंत नेणाऱ्या पहिल्या काही जणांत होता लंडनच्या बेथलेम रुग्णालयातला जॉर्ज पोर्टर फिलिप्स. बेथलेम हे इंग्लंडमधलं सर्वांत जुनं मनोरुग्णालय. खोल उदासीनं ग्रासलेल्या रुग्णांना बद्धकोष्ठ असतं, नखं ठिसूळ होतात, चेहरा पांढुरका पडतो, हे फिलिप्सच्या नजरेत भरलं. मन बिघडल्यामुळे शरीर बिघडतं असं न मानता त्यानं उलटा विचार केला: आधी पोट बिघडत असेल तर? अठरा रुग्णांना त्यानं लॅक्टिक जंतू दिले. १९१० साली छापलेल्या त्याच्या अहवालानुसार अकरा पूर्ण बरे झाले, आणखी दोघांना चांगला उतार पडला. नैराश्यावर जंतू खायला देण्याच्या उपचाराच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं बिनजंतूंचं पेय देऊनही किती जण बरे झाले असते, हे फिलिप्सला सांगता येणार नव्हतं.

याच कुळात एक काळी शाखाही निघाली. अमेरिकेत ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याचीही श्रद्धा शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गावरच होती. फरक एवढाच की त्यानं जंतू दिले नाहीत; जंतूंची घरंच कापून काढली. आधी दात, मग टॉन्सिल, मग मोठं आतडं. त्यानं स्वतः दिलेल्या आकड्यांतही आतडं काढलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण दगावल्याचं दिसतं. तरीही तो यशाचे दावे करत राहिला, आणि बरीच वर्षं लोकांनी ते मानले. फिलिप्सचा ग्लास आणि कॉटनची सुरी यांच्यामागे तर्क एकच होता, आणि दोघांकडेही नसलेली गोष्टही एकच: तुलना.

पुढे हा विचारच बदनाम झाला. १९५०च्या दशकात नैराश्यावरच्या गोळ्या आल्या, प्रतिजैविकांनी जंतूंना सरसकट शत्रू ठरवलं, आणि पोट-मन नात्याची चर्चा अडगळीत गेली. जिवंत जंतू विकण्याचा धंदा तेवढा चालू राहिला, तोही पचनाच्या नावानं. जपानमध्ये मिनोरू शिरोतानं १९३० साली एक चिवट लॅक्टोबॅसिलस वेगळा केला आणि १९३५ साली फुकुओकात याकुल्ट बाजारात आलं.

योगायोग असा, की जुन्या विचाराला नवा जन्म मिळाला तोही फुकुओकातच. २००४ साली क्युशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून जंतूच न भेटलेले उंदीर घेतले. त्यांना थोडा वेळ कोंडून ठेवलं की ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा जास्त उसळायची. बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जंतू दिला तरी ती उसळी आटोक्यात आली. २०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या जॉन क्रायन यांच्या गटानं एक लॅक्टोबॅसिलस देऊन उंदरांची भीती कमी केली. मग मेंदू आणि आतडं जोडणारी व्हेगस नावाची लांब नस कापून पाहिली, आणि जंतूचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे निरोप निदान त्या वाटेनं तरी जात होता. २०१३ साली कॉर्कच्याच टेड डिनन आणि सहकाऱ्यांनी मनाला उपकारक जंतूंना ‘सायकोबायोटिक’ हे नाव दिलं. २०१६ मध्ये नैराश्यग्रस्त माणसांच्या विष्ठेतले जंतू उंदरांत सोडले, तेव्हा उंदीरही उदास झाल्यासारखे वागू लागले.

इथवर गोष्ट उंदरांची. माणसांत आल्यावर तिचा वेग मंदावतो. उंदरांत किमया करणारा कॉर्कचा तोच जंतू २०१७ साली एकोणतीस निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. बिनऔषधी गोळीपेक्षा तो सरस ठरला नाही. उलट २०२३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजनं, गोळ्या चालू असूनही पुरेसा उतार न पडलेल्या एकोणपन्नास रुग्णांना आठ आठवडे चौदा प्रकारच्या जंतूंचं मिश्रण किंवा नकली गोळी दिली. दोन्ही गट सुधारले, जंतूवाला गट थोडा अधिक. फिलिप्सकडे नव्हता तो तुलनेचा गट इथं होता, म्हणून हा निकाल लहान असला तरी वजनदार आहे. त्यातली अट मात्र विसरायची नाही: जंतू गोळ्यांच्या जोडीला होते, गोळ्यांच्या जागी नव्हते.

आनंदाचं रसायन सेरोटोनिन नव्वद टक्के आतड्यात बनतं, म्हणून आतडं सांभाळा, असं हल्ली हटकून सांगितलं जातं. पहिला भाग खरा आहे. पण ते सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. जंतूंचा परिणाम होत असेल तर तो व्हेगसमार्गे, शरीरातली सूज कमी-जास्त करून, किंवा तंतूमय अन्नातून ते बनवत असलेल्या आम्लांमधून.

आपल्याकडे हे सारं आधीच ठाऊक होतं, असं म्हणण्याचा मोह होतो. चरकसंहितेत उन्मादाच्या कारणांमध्ये विरुद्ध आणि दूषित अन्न आहे, हे खरं. पण ताकाचा गौरव आहे तो मूळव्याध आणि ग्रहणीच्या अध्यायांत. उन्मादाच्या उपचारात भर आहे कल्याणक घृतासारख्या सिद्ध तुपांवर. आपली उन्हाळ्यातली ज्वारीची आंबीलसुद्धा रात्रभर आंबवून मग शिजवली जाते, तेव्हा त्यातले बहुतेक जंतू चुलीवरच संपतात. जिवंत राहतात ते वरून घातलेल्या ताकातले. तरीही अशा अन्नाला किंमत आहे. २०२१ साली स्टॅनफर्डच्या प्रयोगात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातली जंतूंची विविधता वाढली आणि सुजेच्या खुणा उतरल्या. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी २०१७ साली सदुसष्ट नैराश्यग्रस्तांवर केलेल्या अभ्यासात, आहार सुधारायला मदत मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक आजारातून बाहेर आले; नुसती सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण आठ टक्के होतं.

आणि आपलं आतडं आपलंच असतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटानं हे वारंवार दाखवलं आहे. २०१२ साली त्यांनी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर, एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांतले जंतू तपासले. घर एक, रक्त एक, तरी आजोबा आणि नातू यांच्या पोटातली वस्ती वेगळी निघाली. २०१६ साली त्यांना भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जंतूंची गर्दी इतर देशांपेक्षा जास्त दिसली. प्रिव्होटेला भरड धान्य आणि वनस्पतींच्या आहारावर पोसतो. लंडनमध्ये उपयोगी पडलेलं मिश्रण भामरागडच्या पेज पिणाऱ्या माडिया माणसाच्या किंवा ऊर्जानगरात डबा घेऊन रात्रपाळीला जाणाऱ्या ऑपरेटरच्या आतड्यात तसंच वागेल, असं गृहीत धरता येत नाही.

रात्रपाळीचा मुद्दा इथं नेमका लागू पडतो. २०१४ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं दाखवलं की आतड्यातल्या जंतूंनाही दिवस-रात्रीचा ताल असतो आणि जेवणाच्या वेळा विस्कटल्या की तो बिघडतो. रात्रपाळी करणाऱ्यांत नैराश्य जास्त आढळतं, हे तर अनेक देशांतल्या पाहण्यांनी सांगितलंच आहे. या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या आहेत, हे तपासायला वीज केंद्राच्या वसाहतीइतकी सोयीची जागा दुसरी नाही: माणसं तीच, पाणी तेच, बाजार तोच, फक्त पाळ्या वेगळ्या.

तोवर रुग्णानं काय करावं? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी रुग्णांना कुठलाच उपचार मिळत नव्हता. त्यांची पहिली गरज जंतूंची कुपी ही नाही. डॉक्टर, समुपदेशन, लागल्या तर गोळ्या आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारी १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची सरकारी मदतवाहिनी, हे आधी. चालू गोळ्या दह्याच्या भरवशावर बंद करणं म्हणजे या कुळातली जुनीच चूक पुन्हा करणं: पुराव्याच्या आधी विश्वास. सव्वाशे वर्षांत या उपचाराचं भलं त्याच्या भक्तांनी केलं नाही. ते केलं शेजारी नकली गोळी ठेवून खरी गोळी तपासणाऱ्यांनी.