एक पेटी, अनेक नावे

बोरीवली स्थानकावर उभे राहिले की ध्वनिक्षेपकातून गाड्यांची नावे ऐकू येतात: चर्चगेट, विरार, एखादी लांबची मेल. गाड्या अनेक, पण घोषणा एका वेळी एकच. बिनतारी संगणक-जाळ्यांचा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने ‘अलोहा’ हे रेडिओ-जाळे सुरू केले. ठिकठिकाणची यंत्रे एकाच वाहिनीवरून मध्यवर्ती संगणकाशी बोलत. दोन यंत्रे एकदम बोलली, तर संदेश पुन्हा पाठवावे लागत. १९९७ मध्ये ‘८०२.११’ हे वाय-फायचे मानक ठरले. ‘आधी ऐका, मग बोला’ हा त्यातला नियम. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

पुढे संस्थांना कर्मचारी, विद्यार्थी व पाहुणे यांच्यासाठी वेगळी जाळी हवी झाली. तेव्हा एकाच पेटीने अनेक नावे जाहीर करण्याची युक्ती निघाली. हीच आभासी प्रवेशद्वारे. प्रत्येक नावाला सुरक्षेचे वेगळे नियम, आणि तारेवर पुढे वेगळी वाट.

मात्र हवा एकच! प्रत्येक नाव साधारणपणे दर १०२ मिलिसेकंदांनी पुकारले जाते. पुकारा २,००० बिटांचा आणि वेग सेकंदाला १० लाख बिट धरला, तर एका नावाला २ मिलिसेकंद लागतील, आठ नावांना १६. म्हणजे कोणी काही न पाठवताच शेकडा सुमारे १६ वेळ खर्ची पडला. हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. शाळेत अशी पेटी बसवताना मग पहिला प्रश्न तेच विचारतील: नावे खरोखर किती हवीत?